होमस्टे असो की हापूस: कोकणातली वेबसाईट गुगलवर वर आणण्यासाठी कंटेंटची साधनं कशी वापरावीत

तारकर्लीत चार खोल्यांचं होमस्टे आहे, किंवा देवगडला शंभर-दीडशे कलमांची बाग आहे. पुतण्याने वेबसाईट करून दिली, फोटोही चांगले आहेत. पण गुगलवर शोधलं तर तिसऱ्या पानावरही नाव नाही. मग कुणी सांगतं, अमुक साधन घ्या, ते शंभरापैकी गुण देतं, ऐंशीच्या वर गेलात की काम झालं. तसं होत नाही. का होत नाही आणि त्या साधनांचा खरा उपयोग कुठे, ते इथे कामाच्या क्रमाने सांगितलं आहे.

सर्फर, क्लियरस्कोप, फ्रेझ, न्यूरॉनरायटर ही साधनं मुळात एकच काम करतात. तुम्ही शोधशब्द दिला की त्या शब्दासाठी आज वर दिसणारी दहा-वीस पानं ती वाचतात. त्यांत कोणते शब्द किती वेळा येतात, उपशीर्षकं किती, मजकूर किती लांब, हे मोजून तुमच्या मजकुराशी ताडतात आणि गुण देतात. हे गुण गुगलचे नव्हेत. गुगल ते बघतही नाही. दुसऱ्यांच्या पानांची सरासरी काढून दाखवलेला तो आरसा आहे, आणि आधीच दहा जणांनी लिहिलेलं अकराव्यांदा लिहिल्याने कुणी वर जात नाही. म्हणून पैसे देऊन घेण्याचं साधन या क्रमात चौथ्या पायरीला येतं. पहिल्या तीन पायऱ्या फुकट आहेत.

पायरी १: गुगलला तुमची पानं दिसतात का

गुगल सर्च कन्सोलवर खातं उघडा. तुमची साईट गुगलवर कशी दिसते, ते साईटच्या मालकाला दाखवणारं हे गुगलचं फुकट साधन. मालकी सिद्ध करायचे दोन मुख्य मार्ग आहेत. पूर्ण डोमेनसाठी (साईटच्या मुख्य नावासाठी) डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद टाकावी लागते, म्हणजे डोमेन जिथून घेतलं तिथल्या पॅनेलमध्ये जाऊन एक ओळ चिकटवायची. ते जमत नसेल तर फक्त एका पत्त्यापुरती मालकी एचटीएमएल फाईल चढवून सिद्ध करता येते. शक्यतो पहिला मार्ग घ्या, त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवायचे सगळे पत्ते एकत्र मोजले जातात. टीएक्सटी नोंद लगेच ओळखली गेली नाही तर घाबरू नका. कधी काही मिनिटं लागतात, कधी एखादा दिवस.

नंतर साईटमॅप, म्हणजे साईटवरच्या सगळ्या पानांची यादी, द्या. साईट वर्डप्रेसवर (साईट बनवायच्या प्रणालीवर) असेल आणि तिथे योस्ट किंवा रँक मॅथ हे प्लगइन, म्हणजे जोडसाधन, असेल तर तो आपोआप तयार झालेला असतो, फक्त त्याचा पत्ता कन्सोलमध्ये टाकायचा. मग 'पेजेस' अहवाल उघडा. तिथे 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' असं दिसलं तर गुगल येऊन पान वाचून गेलं, पण आपल्या यादीत, म्हणजे इंडेक्समध्ये, ठेवण्यासारखं वाटलं नाही. 'डिस्कव्हर्ड' असेल तर पत्ता कळला आहे, वाचायला अजून आलेलं नाही. पहिल्या प्रकारात मजकूर सुधारावा लागतो. दुसऱ्यात बहुतेक वेळा दुसऱ्या पानांवरून त्या पानाकडे दुवे देऊन थांबणं पुरतं.

एकही पान इंडेक्समध्ये नसेल तर आधी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडून बघा. सर्च इंजिनांनी ही साईट इंडेक्स करू नये, अशी एक चौकट तिथे असते. साईट तयार होत असताना कुणीतरी तिथे टिक केलेली असते आणि नंतर काढायला विसरतं. वर्षभर मजकुरावर मेहनत आणि दाराला आतून कडी, असा तो प्रकार.

आणखी एक तपासणी फक्त मराठी साईटसाठी. जुनी माहिती शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असेल, तर तुम्हाला पडद्यावर मराठी दिसतं, पण गुगलला दिसतात रोमन अक्षरांची विचित्र कडबोळी. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय पुढची एकही पायरी उपयोगाची नाही. जेवणाचा मेनू किंवा दरपत्रक फोटो म्हणून टाकलं असेल तर तेही पुन्हा टाईप करा.

पायरी २: गिऱ्हाईक काय टाईप करतं

पुण्याचा पर्यटक मोबाईलवर बहुतेक रोमन लिपीत शोधतो. त्याची आई फोनला मराठीत बोलून विचारते. हापूस कुणी हापूस लिहितं, कुणी हापुस, रोमनमध्ये त्याची तीन-चार रूपं होतात, आणि राज्याबाहेरचं गिऱ्हाईक अल्फान्सोच म्हणतं. स्पेलिंगचे फरक गुगल बऱ्यापैकी समजून घेतं, त्यामुळे प्रत्येक स्पेलिंगसाठी वेगळं पान काढू नका. भाषा मात्र वेगळी धरा. मराठी पान वेगळं, इंग्रजी पान वेगळं, दोन्ही माणसाने लिहिलेली आणि एकमेकांना एचरेफलँगने (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गुगलला सांगणाऱ्या कोडमधल्या खुणेने) जोडलेली. एकाच पानावर अर्धा मजकूर मराठी, अर्धा इंग्रजी टाकला की दोन्हीकडे मागे पडतो.

शब्द गोळा करायला चार जागा पुरतात.

गुगलच्या शोधचौकटीत 'तारकर्ली' टाईप करून स्पेस द्या, खाली येणाऱ्या सूचना उतरवून घ्या. निकालांच्या मधोमध लोकांचे प्रश्न येतात, तेही घ्या. कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणारा कीवर्ड प्लॅनर गुगल ॲड्सच्या खात्यातून उघडतो. जाहिरातीवर खर्च नसेल तर तो नेमका आकडा देत नाही, १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असे मोठे पट्टे दाखवतो. दोन शब्दांत कोणता मोठा, एवढं त्यातून कळतं. त्यात ठिकाण म्हणून मालवण निवडू नका. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव निवडा, कारण गिऱ्हाईक तिथे बसून शोधतं. तिसरं साधन गुगल ट्रेंड्स, शोध कधी वाढतो आणि कधी घटतो ते दाखवणारं. त्यात एका वेळी पाच शब्दांची तुलना होते आणि ० ते १०० हा आकडा सापेक्ष असतो. १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत, निवडलेल्या काळातलं सर्वांत वरचं टोक. कोकणासाठी हे साधन सोन्यासारखं आहे, कारण आपला सगळा धंदा हंगामाचा.

चौथी जागा म्हणजे तुमचा स्वतःचा व्हॉट्सॲप. मागच्या हंगामातले प्रश्न काढा. गाडी दारापर्यंत येते का? ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे का? मासे न खाणाऱ्यांना काय मिळेल? पेटी एसटीने पाठवता की कुरिअरने? आंबा खराब निघाला तर काय? यातला एकही प्रश्न महागड्या साधनाच्या यादीत सापडत नाही, कारण तुमच्या पुढे असलेल्या पानांनीही त्यांची उत्तरं दिलेली नसतात.

शब्द जमले की गट पाडा. 'तारकर्ली होमस्टे' शोधणाऱ्याला खोली हवी आहे. 'तारकर्लीला कसं जायचं' शोधणाऱ्याला वाट हवी आहे. 'तारकर्लीत बघण्यासारखं' शोधणारा अजून यायचं ठरवतोच आहे. या तिघांना तीन पानं. एकाच प्रश्नावर तुमचीच दोन पानं असतील तर ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. आज हे वर, उद्या ते, आणि शेवटी दोन्ही विसाव्या क्रमांकावर. अशा वेळी चांगलं पान ठेवा, दुसऱ्याचा मजकूर त्यात घाला आणि जुन्या पत्त्यावरून ३०१ रिडायरेक्ट द्या, म्हणजे तिथे येणारा आपोआप ठेवलेल्या पानावर जातो.

पायरी ३: कोणत्या पानापासून सुरुवात

सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' अहवालात क्लिक, इम्प्रेशन (पान निकालात किती वेळा दिसलं), सीटीआर (दिसल्यावर किती टक्के वेळा क्लिक झालं) आणि सरासरी क्रमांक हे चारही आकडे चालू करा. काळ तीन महिने ठेवा. सरासरी क्रमांक ८ ते २० मध्ये आहे आणि इम्प्रेशन भरपूर आहेत, असे शोधशब्द वेगळे काढा. त्या पानांना गुगलने आधीच विचारात घेतलेलं आहे, थोडा हात लावला तर ती पहिल्या पानावर येतात. साठाव्या क्रमांकावरच्या पानामागे लागणं नवशिक्याने सध्या टाळावं. क्रमांक ३-४ असून क्लिक नसतील तर मजकूर ठीक आहे, गडबड शीर्षकात आहे.

स्वतःच्या फोनवर स्वतःचं नाव शोधून क्रमांक ठरवू नका. मालवणात बसून शोधलं की गुगल जवळची ठिकाणं वर आणतं. मुंबईच्या गिऱ्हाइकाला तसं दिसत नाही.

पायरी ४: आता गुणांचं साधन

समजा 'तारकर्ली होमस्टे' हा शब्द घेतला. साधनात देश भारत, उपकरण मोबाईल, भाषा तुमच्या पानाची. मराठी पानासाठी साधन मराठी खरंच वाचतं का, ते पैसे भरण्याआधी चाचणीच्या काळात तपासा. अहवाल तयार झाला की गुणांकडे न बघता आधी त्याने कोणती पानं तुलनेला घेतली ती यादी उघडा. नवशिके इथेच फसतात. त्या यादीत बुकिंगच्या मोठ्या कंपन्यांची शंभर हॉटेलांची पानं असतात, एखाद-दुसरं व्हिडिओचं पान असतं. तुमचं एका घराचं पान आणि त्यांची शंभर हॉटेलांची यादी, यांची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. ती पानं टिक काढून वगळा. तुमच्यासारखीच चार-पाच पानं उरली पाहिजेत. एकही उरत नसेल तर त्या शब्दावर गुगलला यादीच हवी आहे. मग शब्द बारीक करा: 'तारकर्लीत कुटुंबासाठी समुद्राजवळ होमस्टे'.

आता शब्दांची यादी बघा. तिचे तीन भाग करा. पहिल्या भागात तुम्ही सांगायला विसरलेल्या खऱ्या गोष्टी: पार्किंग, चेक-इनची वेळ, स्कुबा, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, जवळचं रेल्वे स्टेशन. या घ्या. दुसऱ्या भागात तुमच्याकडे नसलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ स्विमिंग पूल. या गुणांसाठी घुसवू नका. तिसऱ्या भागात कचरा: 'बेस्ट', 'परफेक्ट', दुसऱ्या हॉटेलांची नावं, गोव्याचे किनारे. तो सोडून द्या. गुण ६०-७० च्या घरात आले की थांबा. त्यापुढचे वीस गुण मिळवायला एकच शब्द नऊ-नऊ वेळा कोंबावा लागतो आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

मराठीत आणखी एक गंमत आहे. आपल्या शब्दांना विभक्ती लागते. किनारा, किनाऱ्यावर, किनाऱ्यापासून, किनाऱ्यालगत हे बऱ्याच साधनांना चार वेगळे शब्द वाटतात, आणि 'किनारा हा शब्द कमी वेळा आला' अशी तक्रार येते. ती सोडून द्या. त्यातही 'ऱ्या' दोन पद्धतींनी टाईप होतो. कुणाचा कीबोर्ड खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतो, कुणाचा साधा 'र' आणि त्यात लपलेलं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. पानभर एकच पद्धत ठेवा, नाहीतर 'शोधा आणि बदला' करतानाही अर्धे शब्द निसटतात.

साधन घ्यायचं नसेल तर हेच काम हाताने दोन तासांत होतं. वरची पाच पानं उघडा, त्यांची उपशीर्षकं एका शीटमध्ये उभ्या रकान्यांत लिहा. तीन किंवा जास्त पानांत आलेला मुद्दा तुमच्याकडे हवाच. एकाही पानात नसलेला, पण गिऱ्हाईक विचारतं तो मुद्दा ठळक जागी हवा.

पायरी ५: मजकूर

'निसर्गरम्य परिसर, घरगुती जेवण, आपुलकीची सेवा' हे रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक साईटवर आहे. त्याऐवजी मोजता येईल ते लिहा. खोल्या किती, एसी कितींना, वीज गेली तर इन्व्हर्टर काय काय चालवतो, दारापासून वाळू किती पावलांवर, कुडाळला कोकणकन्यातून उतरल्यावर रिक्षा मिळते का आणि किती घेते, जेवण सांगायची शेवटची वेळ कोणती. पावसाळ्यात किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद असतात, हेही स्पष्ट लिहा. हे लपवल्यामुळे आलेलं गिऱ्हाईक परत जाताना एक तारा देऊन जातं.

हापूसच्या पानाला तर बोलायला रान मोकळं आहे. 'अल्फान्सो' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे येतात. तुमच्याकडे अधिकृत वापरकर्त्याची नोंदणी असेल तर क्रमांकासह लिहा. नसेल तर मानांकनाचा शिक्का फोटोत वापरू नका. फळ चौदा आणे तयार झाल्यावर उतरवता का, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवता का, देठ किती ठेवता, आढी पेंढ्यात लावता का, पेटी चार डझनाची की पाच, एका फळाचं वजन कोणत्या प्रतीला किती ग्रॅम, पेटी पोचल्यावर किती दिवसांनी कापायची. आणि साका. फळ बाहेरून देखणं आणि कापल्यावर आत पांढरट, रबरासारखा गर. गिऱ्हाइकाला हा शब्द माहीत नसतो, तो 'आंबा आतून पांढरा का' असं शोधतो. साका कापल्याशिवाय बाहेरून ओळखता येत नाही, झाडावर जास्त पिकू दिलेल्या फळात तो जास्त आढळतो, आणि असं फळ निघालं तर तुम्ही काय भरपाई देता, हे तीन परिच्छेद लिहा. पानाचा उपशीर्षक-शब्द गिऱ्हाइकाचा ठेवा, साका हा शब्द आत समजावून सांगा.

हे काम एआयकडून करून घ्यायचा मोह होतो. मुद्दे मांडायला, व्याकरण तपासायला हरकत नाही. पण 'रत्नागिरी हॉटेल, गुहागर हॉटेल, दापोली हॉटेल' अशी पन्नास गावांची एकसारखी पानं यंत्राने काढली, तर गुगल त्याला मोठ्या प्रमाणावरचा निकृष्ट मजकूर मानतं. मार्च २०२४ पासून स्पॅमच्या नियमांत ते स्पष्टपणे आहे.

पायरी ६: शीर्षक आणि पत्ता

टायटल टॅग, म्हणजे निकालात दिसणारं पानाचं शीर्षक, गुगल अक्षरं मोजून नव्हे, रुंदी बघून कापतं. इंग्रजीचा ५०-६० अक्षरांचा नियम देवनागरीला सरळ लागू होत नाही. 'तारकर्ली' आपल्याला चार अक्षरं, पण काना, वेलांटी, रफार सुटे धरल्याने संगणकाला आठ. म्हणून प्लगइनचा आकडा लाल झाला तरी त्याच्या झलकेत शीर्षक पूर्ण दिसतं का, ते बघा. गाव आणि काम सुरुवातीला, घराचं नाव शेवटी: 'तारकर्ली होमस्टे: समुद्राजवळ ४ खोल्या, मालवणी जेवण, पार्किंग'. कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची न दिसणारी ओळ) भरू नका. गुगल क्रमांकासाठी तो वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलं आहे.

पानाचा पत्ता रोमन लिपीतच ठेवा. देवनागरी पत्ता चालतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की प्रत्येक चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात. एकटा 'तारकर्ली' ७२ अक्षरांचा टक्केवारीचा ढीग होतो आणि लोकांना तो व्हायरस वाटतो. एकदा ठरवलेला पत्ता मात्र उगाच बदलू नका.

साईटची भाषा वर्डप्रेसमध्ये मराठी निवडा. क्रमांकाशी त्याचा संबंध नाही, पण फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात.

पायरी ७: फोटो आणि वेग

गावात रेंजचा एक दांडा, आणि मुखपृष्ठावर ड्रोनने काढलेला आठ एमबीचा फोटो. तो फोटो १६०० पिक्सेल रुंदीचा करा, स्क्वूशसारख्या फुकट साधनाने वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदला, २०० केबीच्या आत आणा. ऑल्ट मजकुरात, म्हणजे फोटोला जोडलेल्या वर्णनात, जे दिसतं ते लिहा: 'अंगणातून दिसणारा तारकर्लीचा किनारा'. शोधशब्दांची माळ नको. पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात मोबाईलचा निकाल बघा. मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांच्या आत, पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत. साईट लहान असेल तर खऱ्या वापरकर्त्यांची आकडेवारी तिथे येत नाही, फक्त प्रयोगातला अंदाज येतो. त्यात ९० च्या पुढे जाण्यासाठी रात्री जागवू नका.

प्रश्नोत्तरांचा स्कीमा (पानावर काय आहे ते गुगलला सांगणारी कोडमधली नोंद) टाकला की निकालात प्रश्न उघडून दिसतात, असं अजूनही शिकवलं जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने ते सरकारी आणि आरोग्याच्या मान्यवर साईटपुरतं मर्यादित केलं. प्रश्नोत्तरं वाचणाऱ्यासाठी लिहा. स्कीमा द्यायचाच तर निवासाचा द्या, ज्यात पत्ता आणि फोन गुगल बिझनेस प्रोफाइलवर (गुगलच्या नकाशावर दिसणाऱ्या धंद्याच्या नोंदीत) आहे तसाच, अक्षरशः तसाच असेल.

पायरी ८: मोजणं

बदल केला त्या दिवसाची तारीख आणि काय बदललं ते वहीत लिहा. कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून पुन्हा इंडेक्स करायची विनंती एकदाच द्या. रोज दिल्याने काही लवकर होत नाही. एका वेळी एकच मोठा बदल, मग चार ते सहा आठवडे हात लावू नका.

तुलना कशाशी करता, हे कोकणात फार महत्त्वाचं. एप्रिलचे आकडे मार्चशी ताडले की प्रत्येक आंबेवाला हुशार ठरतो, आणि जून मेशी ताडला की प्रत्येक जण बुडालेला दिसतो. नेहमी गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी ताडा. कन्सोल फक्त १६ महिन्यांचीच माहिती ठेवतो, म्हणून दर तीन महिन्यांनी अहवाल शीटमध्ये उतरवून ठेवा. गणपतीच्या आधी 'कसं जायचं'च्या पानावर गर्दी उसळते, पण त्यातले बहुतेक चाकरमानी स्वतःच्या घरी निघालेले असतात. ती गर्दी बघून खोल्यांचे दर वाढवू नका.

हापूसचं पान जानेवारीत अद्ययावत करा, कारण पाडव्याला मागणी सुरू होते तेव्हा गुगलने ते नव्याने वाचलेलं असायला हवं. दरवर्षी वेगळं पान काढून पत्त्यात साल घालू नका. गेल्या तीन वर्षांत मिळालेले दुवे तीन पानांत वाटले जातात. पत्ता एकच, साल फक्त शीर्षकात, तेही दर खरोखर बदलल्यावर. आणि जूनमध्ये आंबा संपला म्हणून पान काढून टाकू नका. दराच्या जागी 'या हंगामातली विक्री बंद, पुढच्या हंगामाची नोंदणी जानेवारीपासून' एवढी ओळ आणि फोन नंबर ठेवा, बाकीचं पान आहे तसं राहू द्या.